सातारचा भिवा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र ठाऊक नाही असे घर आपल्या सभासदांत बहुधा नसेल. १९२७ सालचा महाडचा सत्याग्रह, १९३२ सालचा पुणे करार, घटनेचा मसुदा आणि १९५६ च्या दसऱ्यास नागपूर येथे झालेले धर्मांतर हे प्रसंग आपली लहान मुलेही धडाधडा सांगतात. प्रस्तुत लेखात आम्ही यांपैकी कशाविषयीही लिहिणार नाही. ज्या वयात आपण पुढे कोण होणार हे मुलास कळत नसते, परंतु घरात जे घडते ते मात्र त्याच्या मनावर जन्मभरासाठी कोरले जाते, त्या वयातील बाबासाहेबांविषयी, म्हणजे सातारच्या भिवाविषयी, चार शब्द लिहावेत असा आमचा मानस आहे. त्यातही आई गेल्यावर वडिलांनी दुसरा विवाह केला, त्या प्रसंगाकडे आम्ही सभासद बंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. चरित्रकार तो प्रसंग एखाद-दुसऱ्या परिच्छेदात उरकून पुढे जातात. आम्हांस तो तितका लहान वाटत नाही.

सकपाळ घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात असलेल्या आंबडवे गावचे. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी हेही सैन्यातच चढत चढत सुभेदार झाले, आणि पलटणीच्या शाळेत त्यांनी पुष्कळ वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. आई भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांच्या माहेरीही सैनिकी पेशाच होता. अशा या शिस्तीच्या कुटुंबात, मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत, १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. ते मातापित्यांचे चौदावे अपत्य होते. आधीच्या भावंडांपैकी पुष्कळशी लहानपणीच गेलेली. शेवटच्या आणि त्यातही जगलेल्या मुलावर आईचा जीव किती असेल हे निराळे सांगावयास नको. घरात त्यास लाडाने भिवा म्हणत.

सुभेदार रामजी कबीरपंथी होते. पहाटे व सायंकाळी घरात भजन होई, संतांचे अभंग म्हटले जात, रामायण-महाभारतातील कथा वाचल्या जात, आणि त्या वेळी मुलांनी समोर हजर असलेच पाहिजे असा सुभेदारांचा दंडक होता. इंग्रजी व गणित ते स्वतः घरी शिकवीत. अक्षर ओळखणारा बाप घरात असणे ही त्या काळी, त्या समाजात, केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना आजच्या पिढीस सहजासहजी येणार नाही.

निवृत्त झाल्यावर सुभेदार प्रथम दापोलीस येऊन राहिले. परंतु निवृत्तिवेतनात एवढा संसार भागेना, म्हणून नोकरी शोधीत ते साताऱ्यास आले. तेथे बिऱ्हाड थाटून फार दिवस झाले नाहीत तोच भीमाबाई निवर्तल्या. ते साल १८९६ होय. भिवा त्या वेळी पाच-सहा वर्षांचा होता. साताऱ्यास भीमाबाईंची समाधी आहे. त्या गावी जाण्याचा योग येईल तेव्हा सभासदांनी तिचे दर्शन अवश्य घ्यावे.

आईच्या मागे मुलांना जवळ घेतले ते आत्याने. सुभेदारांची ही बहीण मीराबाई शरीराने ठेंगणी होती, पायांनी अधू होती. कित्येकदा तिला उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावे लागे. मुलांचे करावे ही इच्छा मनात अपार, पण अंगी बळ नाही, असा प्रकार. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या लेखणीने या आत्याचे जे स्मरण केले आहे त्यात तिच्या मायेची थोरवी सांगितली आहे, आणि तिच्याकडून कामाची मदत होणे शक्य नव्हते हेही मोकळेपणाने सांगितले आहे. आम्हांस वाटते, ज्या मुलाची आई गेली त्यास भाकरी करून घालणारे माणूस तर लागतेच, पण रात्री ज्याच्या कुशीत शिरावे असे माणूस अधिक लागते. भिवा आत्याजवळच निजत असे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तेथील पटावर त्याची नोंद भिवा रामजी आंबेडकर अशी आहे. हाच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत तो इतर मुलांपासून निराळा, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसे, आणि शाळा सुटली की तो तुकडा बगलेत मारून परत घरी नेई. न्हावी केसांस हात लावीत नसे, म्हणून थोरली बहीण ओसरीवर बसवून भावाचे केस कापी. हे सर्व आपल्या वाचकांस ज्ञात आहे. त्याचा विस्तार आम्ही करीत नाही.

याच सुमारास सुभेदारांस खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराचे काम मिळाले. दुष्काळ पडला होता, माणसे अन्नान्न करीत मरत होती, आणि लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्यास घेतला होता. सुभेदार तिकडे गेले. साताऱ्यात राहिले भिवा, त्याचा वडील भाऊ, निवर्तलेल्या बहिणीचे दोन मुलगे, आणि ती अधू आत्या. उरलेल्या बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. चौघे मुलगे शाळेतही जात आणि स्वयंपाकही करीत. भाकरी कोणास थापता येईना, तेव्हा तांदूळ व मटण एकत्र शिजवून पुलाव करावा आणि त्यावरच दिवस काढावा असे चाले. ही हकीकत वाचताना प्रथम हसू येते आणि मग घास अडकतो.

१९०१ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांनी मुलांना गोरेगावास बोलाविले. त्या बोलावण्याचा मुलांना झालेला आनंद बाबासाहेबांनी मोठ्या बारकाईने वर्णिला आहे. नवे सदरे, नक्षीच्या झगझगीत टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी जय्यत तयारी झाली. पोरे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली, तो न्यावयास कोणीच आलेले नाही. मुलांनी पाठविलेले पत्र वडिलांच्या हाती पोचलेच नव्हते. सुभेदारांच्या गड्याने ते द्यावयाचे राहून गेले होते. पुढे जात कळताच स्टेशनमास्तरांचा पालटलेला चेहरा, दुप्पट भाडे घेऊनही मुलांनाच गाडी हाकावयास लावून स्वतः बाजूने पायी चालणारा गाडीवान, आणि रात्रभर न मिळालेले पिण्याचे पाणी हे सर्व प्रसिद्ध आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नवे कपडे घालून बापास भेटावयास निघालेली ही पोरे बापाच्या दर्शनास भुकेलेली होती. बाप हेच त्यांचे उरलेले घर होते.

हे ध्यानात घेतले म्हणजे सुभेदारांच्या दुसऱ्या विवाहाने भिवाच्या मनास काय झाले असेल हे उमगते. भीमाबाईंच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच सुभेदारांनी जिजाबाई नावाच्या एका विधवेशी विवाह केला. आपल्या बहुजन समाजांत विधवेच्या पाटाची चाल जुनीच. ज्या जातींत विधवेस केशवपन सोसावे लागे, त्यांतील सुधारक पुनर्विवाहासाठी पुण्या-मुंबईस चळवळी करीत होते, त्या काळात आपल्याकडे ही गोष्ट गाजावाजा न होता घडत असे. तेव्हा लोकरीतीच्या दृष्टीने सुभेदारांनी काही विपरीत केले असे कोणीही म्हणणार नाही. पन्नाशीचा माणूस, अंगावर मुले, घरात चालू-फिरू न शकणारी बहीण, नोकरीचा पायगुण हा असा. आम्ही त्यांच्या जागी असतो तर आम्हीही कदाचित तेच केले असते.

परंतु भिवाने जे पाहिले ते निराळेच होते. नव्या आईच्या अंगावर त्यास आपल्या आईचे दागिने दिसले.

येथे आम्ही अंमळ थांबतो. मोठ्या माणसांच्या हिशेबी दागिना म्हणजे अमुक तोळे सोने वा चांदी. घरात आहे, पेटीत पडून आहे, नव्या सुनेस वा बायकोस नवा घडविण्याची ऐपत नाही, तर तोच घालावा. यात कोणास वावगे वाटत नाही. लहान मुलाच्या हिशेबी मात्र तो दागिना म्हणजे आईचा हात. भाकरी थापताना ज्याचा आवाज होई, ताप आला असता जो कपाळास थंडगार लागे, तो हात. तो दुसऱ्या कोणाच्या अंगावर पाहून त्या मुलाच्या मनात जी आग पेटली तिचे वर्णन चरित्रकारांनी तिरस्कार या शब्दाने केले आहे. बाबासाहेबांनीही वय झाल्यावर ती गोष्ट लपविली नाही. वडिलांच्या पैशावर अवलंबून राहावयाचे नाही, स्वतः कमवावयाचे आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे, असा त्या पोराने निश्चय केला.

निश्चय केला खरा, पण कमवावयाचे कसे? साताऱ्याची मुले मुंबईस जाऊन गिरणीत कामास लागतात असे त्याच्या कानावर आले होते. मुंबईस जाण्यास भाडे पाहिजे. भाड्याचे पैसे असणारे माणूस एकच, ती म्हणजे आत्या. ती आपली पैशांची पिशवी कमरेस खोचून निजे. भिवा तिच्या शेजारीच निजणारा. तीन रात्री त्याने ती पिशवी काढण्याचा प्रयत्न केला आणि तीन रात्री तो फसला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. उघडून पाहतो तो आत अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई कोठून येणार?

जगात एवढीच एक कूस उरली होती आणि त्या कुशीत हात घालून चोरी केली ती अर्ध्या आण्याची, याची लाज त्या मुलास फार वाटली. त्याच चार रात्रींनी आपल्या आयुष्यास वळण लागले असे बाबासाहेब पुढे सांगत. चोरी सोडून त्याने अभ्यास धरला. लवकर परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे आणि लवकर मिळवते व्हावयाचे, हा त्याचा हेतू. तोपर्यंत हा विद्यार्थी अभ्यासात काही विशेष नव्हता. बागकाम करावे, शेळ्या राखाव्यात, हुंदडावे असा त्याचा ओढा होता. त्या पिशवीत अर्ध्या आण्याऐवजी दोन रुपये असते तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात वारंवार येतो. परळ-लालबागच्या एखाद्या गिरणीत एक पोर वाढले असते, इतकेच.

आमची हयात प्राथमिक शाळेत मास्तरकी करण्यात गेली. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, तेव्हा मानसशास्त्राचे पांडित्य आम्हांजवळ नाही. परंतु वर्गात कोणाच्या घरी काय घडले आहे हे मास्तरास मुलाच्या पाटीवरून कळते. एका वर्षी चौथीच्या वर्गातील एका हुशार मुलाने एकाएकी लिहिणेच सोडले. आई जाऊन वर्ष झाले होते, आणि दिवाळीनंतर वडिलांनी दुसरे लग्न केले होते. प्रगतिपुस्तकावर सही आणावयास सांगितले तर तो तीन आठवडे कोरेच परत आणी. अखेर एके दिवशी मधल्या सुटीत एक तरुण बाई दाराबाहेर येऊन उभी राहिली. तिला आत येण्याचा संकोच वाटत होता. तुम्ही मुलाच्या कोण, असे आम्ही विचारले, त्यावर ती काहीच बोलली नाही. पदराच्या गाठीतून तिने एक लहानशी पुडी काढली. तीत मुलाच्या आईचे मंगळसूत्र व जोडवी होती. घरच्यांनी ती तिला घालावयास दिली होती. ती आपण घालणार नाही, मुलगा मोठा होईपर्यंत मास्तरांनीच ठेवावीत, म्हणजे त्यास पटेल, असे तिचे म्हणणे. आम्ही अर्थातच ती ठेवून घेतली नाहीत, पण मुलास बोलावून तिच्यासमक्ष त्यास ती दाखविली आणि दोघांना एकत्र घरी पाठविले. पुढे त्या घरात सर्व सुरळीत झाले असे सांगण्याचा मोह आम्हांस होतो, पण तसे आम्ही सांगणार नाही. मुलगा लिहू लागला, इतके मात्र आम्ही पाहिले.

जिजाबाईंविषयी लिहिताना आम्हांस त्या बाईची आठवण होते. जिजाबाईही एकदा संसार मोडून आलेल्या. भरल्या घरात, मिशा फुटू लागलेल्या सावत्र मुलांत, कोणाचा तरी हक्काचा जागा घेण्यास त्या आल्या, आणि अंगावर घालण्यास दिलेले दागिने त्यांनी मागून घेतले होते असे कोणीही लिहिलेले नाही. बाबासाहेबांच्या चरित्रात त्यांच्या वाट्यास जेमतेम दोन-चार ओळी आल्या आहेत आणि त्याही एका रागावलेल्या मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेल्या. मुलाचा राग खोटा नव्हता. पण त्या ओळी वाचून आपल्या घरोघरच्या सावत्र आयांस कोणी नावे ठेवू नयेत, अशी आमची विनंती आहे. दागिने कोणाचे, हा प्रश्न घरातील कर्त्या पुरुषाने सोडवावयाचा असतो. पहिलीचे पहिलीच्या मुलांसाठी बाजूस ठेवावेत, नवीस होईल तेवढे नवे करावे, नसेल ऐपत तर काळ्या मण्यांवर भागवावे. आपल्या समाजात बिजवरांचे विवाह अजूनही जुळतात, म्हणून हे लिहिले. पुढे कायदेमंत्री झाल्यावर स्त्रीच्या स्वतःच्या मालमत्तेस संरक्षण देणारे हिंदू संहितेचे विधेयक बाबासाहेबांनी पुढे रेटले, आणि ते रखडल्यावर १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्यामागे सातारच्या त्या दागिन्यांचा काही संबंध असेल असा दावा करण्याचे धाडस आम्ही करीत नाही. वाचताना मनात आले, ते सांगितले.

आता सुभेदारांची बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले आणि परळ येथील डबक चाळीत राहू लागले. खोली एकच. तीतच चूल, तीतच सरपण, तीतच भांडी, तीतच निजणे. ज्या मुलाने बापाचा पैसा नको अशी मनाशी गाठ मारली होती, त्या मुलासाठी या म्हाताऱ्या सैनिकाने काय करावे? मुलगा संध्याकाळी लवकर निजे. सुभेदार दिव्यापाशी जागत बसत. रात्री दोन वाजता ते मुलास उठवीत आणि त्याने सोडलेल्या जागेवर स्वतः आडवे होत. मुलगा उजाडेपर्यंत वाचीत बसे. एका खोलीत दोघांना एका वेळी पाय पसरण्याइतकी जागा नव्हती, यावर काढलेला हा तोडगा.

पुस्तकांची तर निराळीच कथा. मुलास अभ्यासाबाहेरील पुस्तकांचा नाद लागला होता, आणि हातात पैसा नसे. सुभेदार उठत, मुंबईतच सासरी असलेल्या मुलीकडे जात, तिच्याजवळ पैसे नसले तर दुसरीकडे जात, आणि तिच्या अंगावरील दागिना मागून आणीत. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून मुलीस परत जाई. ज्या घरात आईच्या दागिन्यांवरून बाप-लेकांत अबोल भिंत उभी राहिली, त्याच घरात बहिणींच्या दागिन्यांवर भावाची पुस्तके आली. त्या बहिणींनी कधी नाही म्हटले नाही. आपल्या माहेरवाशिणींस हे सांगावे, म्हणून मुद्दाम लिहिले.

१९०७ साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण. आजच्या पालकांस हा आकडा पाहून नवल वाटेल, परंतु त्या चाळीत त्यानिमित्त सभा भरली, आणि गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि महाविद्यालयाचे शिक्षण पुरे झाले.

पदवी मिळाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. मुलाने तेथे जाऊ नये असे सुभेदारांस वाटत होते. मुलगा गेला. जाऊन पुरता महिनाही झाला नसेल, तो वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. भीमराव निघाले. वाटेत सुरत स्थानकावर ते खाली उतरले, वडिलांसाठी बर्फी घ्यावी म्हणून. मिठाई घेईपर्यंत गाडी सुटली. दुसऱ्या गाडीने मुंबईस पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांचा जीव मुलासाठीच खोळंबला होता. त्यांनी त्यास पाहिले, थरथरता हात त्याच्या पाठीवरून फिरविला, आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी प्राण सोडला. भीमरावांनी त्या वेळी केलेला शोक पाहणाऱ्यांस आवरता आला नाही असे सांगतात.

मसूरच्या स्थानकावर एकदा पोरे बापाची वाट पाहत ताटकळली होती. या खेपेस बाप ताटकळला.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९२३ साली, लंडन येथे बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, आणि आपल्या शिक्षणासाठी त्या उभयतांनी सोसलेल्या हालांचा त्यात कृतज्ञतेने उल्लेख आहे. भिवा पाच-सहा वर्षांचा असतानाच आई गेली होती. तरी अर्पणपत्रिकेत वडिलांच्या शेजारी तिची जागा त्याने राखून ठेवली.